पंधरा आणि पन्नासच्या मधली फियाट

बंगळुरूच्या शिवाजीनगरात रविवारी सकाळी सहाला रसेल मार्केटसमोर गाडी लावायला जागा मिळते. साडेसातनंतर तिथे पाय ठेवायलाही जागा नसते. म्हणून आम्ही फियाटवाले सहालाच जमतो. गेल्या खेपेला नऊ गाड्या आल्या होत्या. सहा पद्मिनी, एक डिलाइट, एक ११८ एनई आणि एक डुक्कर फियाट. मार्केटच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली त्या ओळीने उभ्या राहिल्या, बोनेटं उघडली गेली, कुणीतरी चहा आणला आणि मग तासभर कार्बोरेटर, सीबी पॉइंट, वायसर आणि रबरं याशिवाय दुसरा विषय निघाला नाही.

फुलांची पोती उतरवणारा एक पोरगा थांबला. सगळ्या गाड्या त्याने निरखून पाहिल्या आणि शेजारच्याला म्हणाला, "बॉम्बे टॅक्सी!" त्याच्या आवाजात कौतुकच होतं. तरी तो शब्द मला लागतो. माझी पद्मिनी पांढरी आहे. १९८८ साली वडिलांनी ती बेळगावात घेतली. ती एकदाही मीटर पाडून धावलेली नाही. पण मुद्दा माझ्या गाडीचा नाही. मुंबईच्या रस्त्यांवर ही गाडी काळ्या-पिवळ्या रंगात इतकी वर्षं, इतक्या इमानाने राबली की ती मुळात कोण होती हे आपण विसरूनच गेलो. जे रोज दिसतं त्याचं कुळ कुणी विचारत नाही. या गाडीचं कुळ मात्र विचारण्यासारखं आहे.

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. फियाटच्या दान्ते जाकोसा या अभियंत्याने १९३७ च्या '५०८ सी' या गाडीत हेच माप बसवलं होतं. साधं, मजबूत आणि थोडं छेडलं की उत्साहाने धावणारं इंजिन, अशी त्याची ख्याती झाली आणि इटलीतले शर्यतवेडे त्याच्यावर तुटून पडले.

त्यांच्यात एन्झो फेरारी होते. आल्फा रोमिओशी काडीमोड झाल्यावर काही वर्षं स्वतःच्या नावाने गाड्या काढायच्या नाहीत, अशी त्यांच्यावर अट होती. म्हणून १९४० साली त्यांनी बनवलेल्या पहिल्या गाडीवर फेरारी हे नाव नाही. तिचं नाव '८१५'. आठ सिलिंडरांचं, दीड लिटरचं ते इंजिन याच फियाट इंजिनाच्या भागांवर बेतलेलं होतं. त्या वर्षी ब्रेशियाच्या शर्यतीत अशा दोन गाड्या उतरल्या. एकीचं चक्र तरुण अल्बेर्तो आस्कारीच्या हातात होतं, जो पुढे दोनदा जगज्जेता झाला. दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. पण ज्या घराण्याच्या लाल गाड्यांची चित्रं आज पोरांच्या खोल्यांत लागतात, त्या घराण्याची सुरुवात कुर्ल्याच्या टॅक्सीच्या चुलतघरातून झाली, हे नोंदलेलं सत्य आहे.

युद्ध संपलं आणि तूरीनचे उद्योगपती पिएरो दुसिओ यांनी चिसितालिया नावाने शर्यतीच्या गाड्या काढल्या. इंजिन पुन्हा तेच, १०८९ सीसी. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत ताझिओ नुवोलारी हा चोपन्न वर्षांचा, छातीच्या दुखण्याने खंगलेला महारथी उघडी चिसितालिया घेऊन उतरला. समोर जवळजवळ तिप्पट मोठ्या इंजिनाची आल्फा होती. तरी तो बराच वेळ सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या टप्प्यात धो धो पाऊस आला, मॅग्नेटोत पाणी शिरलं आणि तो दुसरा आला. ज्याने ओल धरलेल्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण पावसाळ्यात रुमालाने पुसून फियाट चालू केली आहे, त्याला नुवोलारीचं त्या दिवशीचं दुःख सांगायला नको. त्याच चिसितालियाची बंद छपराची '२०२' पिनिन फारिनाने घडवली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ साली ती प्रदर्शनात मांडली आणि पुढे आपल्या कायमच्या संग्रहात घेतली. त्या गाडीच्या बोनेटखालचं आणि दादर स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीच्या बोनेटखालचं इंजिन एकाच खाणीतलं आहे.

पद्मिनी ही स्पोर्ट्स कार आहे, असं मी म्हणत नाही. ती घरची गाडी आहे. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीत ती सहा माणसं, दोन वळकट्या आणि लोणच्याची बरणी घेऊन खंडाळ्याचा घाट चढायची. पण तिच्या अंगात शर्यतीचं रक्त होतं आणि आपल्याकडच्या माणसांनी ते ओळखलंही होतं. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर, कलकत्त्याजवळ बराकपूरला, मुंबईत जुहूला ज्या शर्यती व्हायच्या त्यांत फियाट असायच्याच. परदेशातून शर्यतीची गाडी आणायला ना परवाना मिळायचा ना परकीय चलन. मग गॅरेजातच चासी जोडायची, तिच्यात फियाटचं इंजिन बसवायचं, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं आणि धावपट्टीवर उतरायचं. भारतातल्या मोटारशर्यतीचं बाळपण या इंजिनाच्या मांडीवर गेलं.

आणि ही गाडी बंगळुरूच्या दारापर्यंत येऊन परत गेली, हे इथल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. १९३० च्या दशकात सर विश्वेश्वरय्यांनी देशात मोटारी बनवण्याची योजना आखली, त्यासाठी अमेरिका-युरोपातले कारखाने पाहिले. सोलापूरचे वालचंद हिराचंद त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कारखाना मुंबई इलाख्यात की म्हैसूर संस्थानात, याचा खल झाला. इंग्रज सरकारने युद्धाच्या काळात तो होऊ दिला नाही. वालचंद स्वस्थ बसणारे नव्हते. डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर सरकारच्या भागीदारीत बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, तोच आजचा एचएएल. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ, मग फियाटशी करार. शिवाजीनगरपासून दहा-बारा किलोमीटरवर एचएएलची भिंत दिसते, तेव्हा मला दर वेळी वाटतं, सरकारने तेव्हा मोडता घातला नसता तर पद्मिनीच्या दारावर बंगळुरूचा पत्ता असता.

कुर्ल्याहून आधी आली मिलेचेंतो, म्हणजे इटालियनमध्ये अकराशे. तिच्या फुगीर नाकामुळे आपल्या लोकांनी तिला डुक्कर फियाट म्हटलं आणि हे नाव प्रेमाने रुळलं. पुढची दारं उलटी उघडायची, त्यामुळे लुगडं नेसलेल्या बाईला उतरणं सोपं जायचं, असं माझी आजी सांगायची. १९६४ मध्ये डिलाइट आली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचं कर्ज काढून जी गाडी घेतली ती फियाटच. कर्ज फिटण्याआधी शास्त्रीजी गेले, त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी ते पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आज दिल्लीत त्यांच्या स्मारकात आहे. डिलाइटचंच नाव पुढे प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत ती बनत राहिली. एका देशात एक गाडी साडेतीन दशकं जवळजवळ त्याच अंगाने बनत राहते, याला कुणी मागासलेपण म्हणेल. परवाना राज्याचा तो दोष होताच, बापाने नोंदवलेली गाडी मुलाच्या लग्नात मिळायची. पण त्यामुळेच गल्लीबोळातल्या मिस्त्रीला तिचा प्रत्येक नट तोंडपाठ झाला. ही विद्या कुठल्याही पुस्तकात नाही.

ती विद्या पाहायची असेल तर शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे भंगारबाजारात जावं. माझ्या गाडीच्या पुढच्या तिकोनी काचेची खिट्टी तुटली होती. पद्मिनीत एसी नसायचा, ही काच बाहेर वळवली की वारा थेट गळ्यावर यायचा. तिची खिट्टी बोटाच्या दोन पेरांएवढी. ती नसली की काच फडफडते आणि पावसाचं पाणी मांडीवर. मी तीन महिने शोधत होतो. गुजरीत लांबट, अंधारं दुकान, छतापासून आरसे आणि दारांची हँडलं टांगलेली, जमिनीवर गिअरबॉक्सची रास. वयस्कर दुकानदार दखनीत म्हणाले, "फियाट का माल अब आताच नै जी. जो है सो यहीच है." मग एका डालडाच्या डब्यात हात घालून त्यांनी न बघता, नुसतं चाचपून, चार खिट्ट्या काढल्या. दोन डाव्या, दोन उजव्या. त्यातली एक त्यांनी बाजूला केली. "ये नक्को, ये डिलाइट का है." माझ्या डोळ्यांना दोन्हींत काडीचाही फरक दिसत नव्हता. त्यांनी माझं बोट धरून तिच्या कडेवर फिरवलं. डिलाइटच्या खिट्टीची कड किंचित गोल होती.

किंमत सांगताना ते घासाघीस करत बसले नाहीत. गाडी चालू आहे ना, एवढंच विचारलं. चालू आहे म्हटल्यावर त्यांनी आणखी एक खिट्टी कागदात बांधून दिली. हा डबा संपला की पुढचा डबा नाही. गाड्या भंगारात जात होत्या तेव्हा तो भरत होता, आता गाड्याच उरल्या नाहीत.

गाड्या उरल्या नाहीत याचं एक कारण काळ आहे आणि त्याच्याशी भांडण नाही. मुंबईत ताडदेवला शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला वयाची मर्यादा हवीच, प्रवाशाच्या जिवाचा प्रश्न आहे. एक तरी काळी-पिवळी जपून ठेवा, अशी विनंती टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने सरकारला केली होती. तिला यश आलं नाही, ही मात्र लाजेची गोष्ट आहे. ज्या शहराच्या चित्रपटांत, व्यंगचित्रांत, लग्नाच्या अल्बमांत ही गाडी आहे, त्या शहराला एका गाडीपुरती शेड मिळू नये?

दुसरं कारण नियमांत आहे आणि त्याच्याशी माझं भांडण आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नोंदणी वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठी ती बाहेर काढायची. नियम चांगला आहे. पण पंधराव्या वर्षी गाडीची नोंदणी संपते आणि पन्नासाव्या वर्षी ती वारसा ठरते. मधल्या पस्तीस वर्षांत ती कायद्याच्या लेखी नुसतीच जुनी गाडी. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजार झालं. दिल्लीत तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला रस्ताच बंद करण्याचे आदेश झाले.

धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात म्हणून हे शुल्क वाढवलं, हे मला मान्य आहे. या शहरात श्वास मीही घेतो. पण रोज साठ किलोमीटर धावणारी मोडकी जीप आणि महिन्यातून एका रविवारी बाहेर निघणारी, पीयूसी केलेली पद्मिनी यांना एकच माप लावणं हा न्याय नाही. माझी गाडी वर्षाला सहाशे किलोमीटरही चालत नाही. ज्या इटलीत ही गाडी जन्मली तिथे तीस वर्षं झालेल्या खासगी गाडीला वार्षिक मालकी कर माफ आहे आणि वीस वर्षांवरच्या, ऐतिहासिक म्हणून प्रमाणित झालेल्या गाडीला तो निम्मा. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांनंतर माफी. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची, फिव्हाची, ऐतिहासिक वाहनाची व्याख्याच तीस वर्षांपासून सुरू होते. आपण पन्नास कुठून आणले?

पन्नास वर्षांची ही अट पद्मिनीच्या मुळावर येते. पहिली पद्मिनी १९७४ ची, तीच आत्ता कुठे पन्नाशी ओलांडते आहे. त्यानंतरच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत बनलेल्या सगळ्या त्या अडनिड्या वयात अडकल्या आहेत. ११८ एनईची गत आणखी वाईट. फियाट १२४ चं अंग, ज्या १२४ ला १९६७ चा युरोपातला सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला होता, आणि आत निसानचं इंजिन. १९८५ मध्ये ती आली, म्हणजे तिच्यातली पहिली गाडी २०३५ मध्ये वारसा होणार. तोवर किती उरतील? आमच्या बैठकीला येणाऱ्या ११८ एनईच्या मालकाने परवा सांगितलं की घरात आता दर महिन्याला एकदा तरी विषय निघतो, विकून टाका. त्याला भंगाराचा भाव मिळतो आहे, गिऱ्हाईक मिळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. व्हिंटेजची पन्नास वर्षांची पायरी तशीच असू द्या, तिच्याखाली तीस वर्षांची एक पायरी बांधा. मूळ चासी, मूळ अंग, मूळ जातीचं इंजिन असलेल्या खासगी गाडीला तिथे जागा द्या. वर्षाला किती किलोमीटर चालवायची याची मर्यादा घाला, आम्ही ती पाळू. दर वर्षी फिटनेस तपासा, ब्रेक तपासा, धूर तपासा. शुल्कही घ्या, पण गाडी टिकवणाऱ्याला दंड वाटेल असं नको. आणि एक गोष्ट महाराष्ट्र सरकारला. कुर्ल्याच्या त्या कारखान्याने मुंबईला हजारो हातांचा रोजगार दिला. त्या कामगारांपैकी जे हयात आहेत त्यांच्या आठवणी, त्यांची हत्यारं, त्यांचे फोटो आणि एक काळी-पिवळी, एवढं तरी एका छपराखाली आणा.

वाचकांनाही एक सांगणं आहे. सोसायटीच्या कोपऱ्यात, वाड्याच्या पडवीत, मामाच्या गोठ्यात कव्हरखाली फियाट उभी असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी कपाटातलं आरसी बुक शोधा आणि पहिल्या नोंदणीची तारीख बघा. पन्नास वर्षं भरली असतील आणि गाडी मूळ रूपात असेल तर व्हीए क्रमांकासाठी अर्ज करा. भरली नसतील तर नोंदणी संपू देऊ नका, बॅटरी काढून ठेवा, टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, चाकं जमिनीवरून उचलून ठोकळ्यांवर ठेवा आणि महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरवा म्हणजे पिस्टन धरणार नाही. आणि विकायचीच वेळ आली तर वजनावर विकू नका. बंगळुरूत, पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात ती चालवणारे आहेत, विचारलं की सापडतात.

त्या रविवारी रसेल मार्केटसमोर उभ्या असलेल्या नऊ गाड्यांपैकी पन्नाशी ओलांडलेल्या दोनच होत्या, डुक्कर फियाट आणि डिलाइट. बाकी सात अजून कायद्याच्या लेखी नुसत्या जुन्या गाड्या आहेत.